विद्यापीठाच्या लायब्ररीत रिसर्च डेटाची सेवा, सुरुवात कुठून करायची?

ग्रंथालय_मराठवाडा:
नमस्कार मंडळी, मी एका विद्यापीठात असिस्टंट लायब्ररियन आहे. आता वरून सांगितलंय की संशोधकांचा डेटा जपायची, नोंदवायची सोय पण लायब्ररीनेच करायची. शोधगंगेवर, म्हणजे देशभरातल्या पीएचडी थिसिसच्या ऑनलाइन साठ्यावर, थिसिस चढवतोच आम्ही, पण तिथे जाते पीडीएफ, तिच्यामागचे सर्व्हेचे फॉर्म, मुलाखतींचं रेकॉर्डिंग, एक्सेलच्या फायली सगळं त्या पोराच्या लॅपटॉपमध्येच राहतं. मागच्या महिन्यात एक मॅडम आल्या, २००६ ला दुष्काळी गावांत फिरून ४०० घरांचा सर्व्हे केलेला, सीडी वाचली जाईना, कशीबशी दुसरी कॉपी मिळाली तर मराठी मजकूर युनिकोडच्या (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसायची पद्धत) आधीच्या फॉन्टमधला, उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फार वाईट वाटलं हो. आमच्याकडे निम्मी पदं रिकामी, वेगळा सर्व्हर नाही, आणि आम्ही सगळे कॅटलॉगिंग शिकून आलेलो. कुणी केलंय का हे काम?

पुस्तकवाला_सर:
सर्व्हरच्या मागे आत्ता लागूच नका. झेनोडो म्हणून डेटा ठेवायची वेबसाइट आहे, ती सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते, फुकट आहे, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा आणि डीओआय, म्हणजे नोंदीचा कायमचा ओळख क्रमांक, पण मिळतो. समाजशास्त्राच्या डेटाला आयसीएसएसआर या सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेची डेटा सर्व्हिस आहे, जीवशास्त्रवाल्यांना फरीदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर. म्हणजे ठेवायला जागा आहे. अडचण वेगळीच आहे, संशोधक आपल्याकडे येतो कधी? प्लेजरिझमचा रिपोर्ट काढायला, सबमिशनच्या आठवडाभर आधी, तेव्हा त्याला विचारलं की बाबा कॉलमला क्यू७_बी नाव दिलंयस त्याचा अर्थ काय, तर त्यालाच आठवत नाही. यूजीसीने रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा २ क्रेडिटचा कोर्स पीएचडीला सक्तीचा केलाय ना, त्यातले दोन तास मागून घ्या. फील्डवर जायच्या आधी मुलं भेटली पाहिजेत, नंतर भेटून उपयोग नाही. आणि कॅटलॉगिंगला कमी लेखू नका, कोणी, कधी, कुठे, कशासाठी गोळा केलं हे नीट लिहिणं म्हणजेच मेटाडेटा, ते आपल्याइतकं कोणाला येतं?

पीएचडी_चालू_आहे:
सर, पटलं, पण आमची बाजू पण सांगते. गाइड म्हणतात डेटा कुणाच्या हाती देऊ नकोस, दुसराच पेपर काढून मोकळा होईल, आणि ही भीती खोटी नाहीये. दुसरं म्हणजे मी ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेतल्यात, नाव काढलं तरी गाव, वय, मुलं किती, मुकादम कोण एवढं वाचून तिथला माणूस बरोबर ओळखेल कोण बोललीय ते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलंय. लायब्ररीने नुसतं "अपलोड करा" म्हटलं तर मी नाहीच करणार.

डेल्फ्टहून:
ताई, करूही नका तसंच्या तसं. मी इथे नेदरलँड्समध्ये डेटा स्टुअर्ड, म्हणजे संशोधकांना डेटा सांभाळायला मदत करणारी व्यक्ती, आहे, आमचं निम्मं काम याच प्रश्नांचं. फेअर तत्त्वं (डेटा सापडावा, मिळावा, इतर डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा) म्हणजे सगळं उघड्यावर टाकणं नव्हे, डेटा बंद ठेवून नुसती नोंद उघडी ठेवता येते, किंवा दोन-तीन वर्षांचा एम्बार्गो, म्हणजे तोवर डेटा बंद, लावता येतो, तोवर तुमचे पेपर होतात. फक्त मुलाखतीआधीच्या संमतीपत्रात लिहिलेलं हवं की हे पुढे जपलं जाईल आणि कोणाला दिसेल, नंतर त्या बायकांना शोधत कुठे फिरणार, त्या तर हंगामाला कारखान्याच्या भागात गेलेल्या असतात. म्हणून एथिक्स कमिटी आणि आयटीवाले सोबत हवेत, एकट्या लायब्ररीवर टाकलं तर ते कोलमडणारच. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये आत काय आहे ते सांगणारी एक रीडमी फाइल, डेटा सीएसव्हीत (तक्त्याची साधी मजकुराची फाइल), यूटीएफ-८ या युनिकोडच्या प्रकारात सेव्ह केलेला, एवढं जरी सुरू झालं तरी त्या मॅडमसारखी वेळ पुढच्यांवर येणार नाही.

ग्रंथालय_मराठवाडा:
सगळ्यांचे आभार, खूप धीर आला. सोमवारी कोर्सवर्कच्या कोऑर्डिनेटरना भेटून तास मागतोय, संमतीपत्राचा नमुना पण एथिक्स कमिटीकडे नेतो. त्या मॅडमच्या फाइलचं काही होईल का पण?

पुस्तकवाला_सर:
होईल की. फाइल ज्या कॉम्प्युटरवर बनली त्यात फॉन्ट कोणता होता तेवढं विचारा, नाव कळलं की कन्व्हर्टर शोधता येतो. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, त्यामुळे ४०० घरं हाताने तपासावी लागतील. पाठवा माझ्याकडे, निम्मी मी बघतो.