प्रति: बेस मॉडेलला ६४ जीबी पुरे

टॅब-लॅपटॉपच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलबद्दल "६४ जीबी स्टोरेज पुरे, बाकी क्लाउडवर टाका" असं इथे म्हटलंय, ते शहरात घरी वायफाय असणाऱ्यांना जमेल. आमच्याकडे घाटंजीच्या बाजूला लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही बसतो, मग क्लाउडवरची फाइल असून नसल्यासारखी. माझी भाची नीटची तयारी करते. तालुक्याला गेली की तिथल्या वायफायवर लेक्चरं उतरवून आणते अन् घरी ऑफलाइन बघते. एक नवं लेक्चर घ्यायचं तर जुनं उडवावं लागतं, आणि जुनंच उजळणीला हवं असतं!

एक गोष्ट इथे कुणी बोललं नाही. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबी आहे. त्यातही कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून विंडोजमध्ये ते ६४ जीबी ५९ च्या आसपासच दिसतात. त्यातून सिस्टिम आणि अपडेटची जागा वजा करा. शिवाय स्वस्त लॅपटॉपात हे स्टोरेज बहुधा ईएमएमसी असतं, म्हणजे बोर्डावरच सोल्डर केलेली चिप, ती काढून मोठी बसवता येत नाही. अ‍ॅपलनेसुद्धा २०२५ मध्ये साध्या आयपॅडची सुरुवात ६४ वरून १२८ वर नेली. विद्यार्थ्यासाठी टॅब घेत असाल तर १२८ च्या खाली जाऊच नका, आणि मेमरी कार्डाची खाच आहे का हे दुकानातच उघडून बघा.