नदीकाठची 'मळी' नकाशात कुठे शोधायची?

चर्चाप्रस्ताव
भारतीय सर्वेक्षण विभागाचा कराडचा जुना नकाशा चाळतोय. शीट ४७ के/३, एक इंचाला एक मैल. वस्ती लाल, पिकाखालची जमीन सरसकट पिवळी. आमच्याकडे कृष्णेलगतच्या खालच्या रानाला मळी म्हणतात आणि वरच्याला माळ. हा फरक नकाशात दिसतो का? एका मित्राला तर मळी म्हटल्यावर साखर कारखानाच आठवला!

प्रतिसाद १
काही ठिकाणी मळई. पुराने आणलेला पोयटा, म्हणजे सुपीक गाळ, बसून तयार झालेलं रान ते मळी. मळा वेगळा, त्याचा नदीशी संबंध असेलच असं नाही. विहीर असली की माळाच्या कडेलाही मळा होतो. कारखान्यात उसाचा रस गाळून उरते ती मळीही (प्रेसमड) शेवटी गाळच, त्यामुळे मित्र फार चुकला नाही.

प्रतिसाद २
गाळपेर म्हणजे हेच ना?

प्रतिसाद १
नाही. धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडते ती गाळपेर, हंगामापुरती कसायला देतात. कोयनेच्या जलाशयाकाठी गाळपेर म्हणा, कराडात मळी.

प्रतिसाद ३
मूळ प्रश्नाकडे येतो. त्या शीटवर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दर ५० फूट उंचीला असतात. मळी आणि तिच्या वरचं रान यांत तेवढा चढ सहसा नसतो, म्हणून दोन्ही एकाच पट्ट्यात पडतात. मळी उंचीवर ठरतच नाही, पूर कुठवर चढतो त्यावर ठरते. काठाजवळ एखादा आकडा आणि पुढे 'आर' असं अक्षर असेल तर बघा: ती पायथ्यापासून मोजलेली दरडीची उंची. मग विहिरींचे ठिपके पाहा. पुरात बुजेल अशा जागी कोण विहीर पाडणार?

पिवळ्या रंगात आणखी बरंच गडप झालंय. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या कृष्णा कालव्याखालचं पाटस्थळ, विहिरीवरचं मोटस्थळ आणि निव्वळ पावसावरचं जिराईत, तिन्ही पिवळीच. सारा आकारणाऱ्याला हा भेद लागायचा, नकाशा काढणाऱ्याला नाही.

चर्चाप्रस्तावक
ठिपके खरंच नदीपासून जरा हटून आहेत. पण मळीची हद्द लिहिलेली कुठे मिळेल?

प्रतिसाद ३
सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो. बहुतेकांचा रिकामाच सापडतो. भरलेला असेल तर तिथे मळी लिहिलेली मिळू शकते. गट नंबर घेऊन गावनकाशावर ताडून बघा.