शाळा सुरू झाल्यापासून मोती दारापाशीच बसून असतो

गॅलरीतली तुळस
नमस्कार. आमचा मोती हा चार वर्षांचा देशी कुत्रा आहे. एप्रिलच्या शेवटापासून दोन्ही मुले दिवसभर घरी होती आणि दुपारी तिघेही एकाच पंख्याखाली फरशीवर पसरलेले असत. १५ जूनला शाळा उघडली. तेव्हापासून सकाळी सातला व्हॅनचा हॉर्न वाजला की तो गॅलरीत धावतो, व्हॅन वळणाआड गेली की दारापाशी येऊन विव्हळतो, आणि आठनंतर आम्ही दोघेही कामावर निघालो की बराच वेळ भुंकत राहतो, असे खालच्या मजल्यावरच्या काकू सांगतात. परवा त्याने धाकट्याच्या पावसाळी चपलेचा पट्टा कुरतडला आणि काल सकाळचे जेवण तसेच टाकले. रागावले की कान पाडून कोपऱ्यात जातो, म्हणजे चूक त्याला कळत असावी, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोबतीला एक पिल्लू आणावे, असा मुलांचा आग्रह आहे. आणावे का?

पायवाट
रागावणे आधी बंद करावे. कान पाडणे ही चुकीची कबुली नसून तुमच्या चढलेल्या आवाजाची भीती आहे. चार तासांपूर्वी कुरतडलेल्या पट्ट्याशी तो त्या रागाचा संबंध जोडू शकत नाही. शिवाय चपलेला धाकट्याचा वास असतो, त्यामुळे त्याने नेमकी तीच उचलली यात नवल नाही.

एखादा जुना मोबाइल दाराकडे तोंड करून ठेवा आणि घर रिकामे झाल्यानंतरचा पहिला अर्धा तास चित्रित करा. थोडा वेळ भुंकून तो झोपत असेल, तर हा बराचसा मोडलेल्या सवयीचा प्रश्न आहे. मात्र तो सतत धापा टाकत असेल, लाळ गाळत असेल किंवा दार ओरबाडत असेल, तर ती एकटेपणाची खरी भीती असते. अशा वेळी चित्रण पशुवैद्यांना दाखवावे, कारण त्यावर औषधेही आहेत.

वऱ्हाडी मंडळी
आमच्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तयारीला आम्हाला थोडे जास्त दिवस मिळतात. गेल्या वर्षी आम्ही सुट्टी संपायच्या दहा दिवस आधीपासून मुलांना गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून दाराबाहेर पाठवत होतो. आधी एक मिनिट, मग पाच, मग गल्लीच्या टोकापर्यंत, आणि आमची कुत्री शांत राहिली तरच वेळ वाढवायचा. शेजाऱ्यांना ही करमणूकच होती, पण दप्तर दिसले की सुरू होणारी तिची घालमेल कमी झाली. तुमची शाळा सुरू झाली असली तरी शनिवार-रविवारी हे करता येईल. व्हॅन येण्यापूर्वी मुलांपैकी एकाने त्याला वीस मिनिटे फिरवून आणावे आणि हुंगण्यासाठी मनसोक्त थांबू द्यावे. निघताना जुन्या टॉवेलच्या घड्यांत पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे लपवून तो टॉवेल त्याच्यापुढे टाकावा. आमची कुत्री आता टॉवेल दिसला की दाराकडे पाठ फिरवते.

ओला पंजा
वरचे सारे योग्य आहे, पण जेवण टाकल्याचा उल्लेख सर्वांनी ओलांडून पुढे जाऊ नये. पावसाळ्यात गोचिडांचा उपद्रव असतो आणि गोचीडतापाची सुरुवात मरगळ आणि अन्नावरची वासना उडणे अशीच होते. मुलांच्या विरहाचे कारण समोर तयार असल्यामुळे चार दिवस फुकट जातात. बोटांच्या बेचक्या, कानांच्या आतली बाजू आणि मानेचा पट्टा काढून त्याखालची त्वचा पाहा. हिरड्या फिकट दिसल्या किंवा ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. माणसांची तापाची गोळी मात्र चुकूनही देऊ नका. मुलांच्या डब्यात उरलेले मनुके आणि चॉकलेटही त्याच्यासाठी विषारी आहेत, तेव्हा दप्तरे उंचावर ठेवा.

पिल्लाविषयी माझे मत स्पष्ट आहे: आणू नका. त्याला माणसांची उणीव भासते आहे, आणि ती पिल्लाने भरून निघेलच असे नाही. सकाळी आठला रिकाम्या घरात दोघे भुंकू लागले, तर काकूंना काय सांगणार?

गॅलरीतली तुळस
सर्वांचे आभार. पट्ट्याखाली दोन आणि उजव्या पंजाच्या बेचक्यात एक गोचीड सापडली. अंगात ताप होता, रक्ताचा अहवाल गोचीडतापाचाच आला आणि औषध सुरू झाले. तिसऱ्या दिवशी त्याने दूधभात चाटूनपुसून खाल्ला. भुंकणे मात्र औषधाने थांबलेले नाही. चित्रणात तो अठरा मिनिटे भुंकतो, मग धाकट्याच्या गादीवर चढून झोपतो, आणि त्या गादीवर चढायला त्याला आजवर बंदी होती. ती आम्ही उठवली आहे. सकाळी त्याला कोणी फिरवायचे यावरून मुलांची भांडणे होतात, म्हणून फ्रिजवर वारांची यादी चिकटवली आहे.