शब्दचर्चा: माकड ‘नीतिमान’ असू शकतं का?

शहाळं: प्राण्यांच्या वागण्यावरचा लेख मराठीत आणतोय. त्यात १९६४ सालचा अमेरिकेतला प्रयोग आहे. साखळी ओढली की माकडाला खाणं मिळे, पण शेजारच्या माकडाला विजेचा झटका बसे. एका माकडाने १२ दिवस साखळीला हात लावला नाही, उपाशी राहिलं. मी त्याला ‘नीतिमान’ लिहिलं. संपादकांनी खोडून ‘दयाळू’ केलं. म्हणे नीती माणसाचीच. पटतंय?

रिकामटेकडा: भाद्रपदात म्हापशाच्या बाजारात एक चक्कर मार, कुत्री बघ, मग लिही नीतिमान! नीती-अनीती म्हटलं की मराठी माणसाचं डोकं आधी कुठं जातं? ‘इमानी’ लिही नि मोकळा हो.

शहाळं: इमान धन्याशी. शेजारचं माकड काय धनी?

अंत्रुजी: शिवाय ‘इमान’ अरबी. घरची ‘निष्ठा’ आहे ना! आणि नीती ‘नी’ धातूवरून, नेणे. आमची आजी कळपाला पाण्यावर नेणाऱ्या म्हशीला ‘शाणी’ म्हणायची. तीच नीती.

रिकामटेकडा: ‘जनावर’ फारसी आहे. त्यालाही सोवळं नेसवणार?

सत्तरीवाला: आमच्या बागायतीत खेती, म्हणजे माकडं, कोवळे नारळ तोडून नासधूस करतात. ‘दयाळू’वाल्या संपादकांना चार दिवस पाठवा इकडे. पण खेत्याला मी चोर म्हणत नाही, त्याला काय कळतंय म्हणून सोडून देतो. मग तुमच्या उपाशी माकडाला साधू कुठल्या तोंडाने म्हणू?

काजूबी: तीन वर्षांचं पोर लाडवातला अर्धा भावाला देतं. त्याला तरी काय कळतंय? तरी आपण ‘गुणी’ म्हणतोच की. गुणी माकड लिहा.

अंत्रुजी: धिरयोत, म्हणजे आपल्या गोव्यातल्या बैल-रेड्यांच्या टकरीत, पाठ फिरवलेल्या रेड्याच्या मागे दुसरा लागत नाही. ही नीती नव्हे तर काय?

सत्तरीवाला: कुणी सांगितलं? लोकांत घुसलेले पाहिलेत मी. १९९६ला न्यायालयाने बंदी घातली ती उगाच?

अंत्रुजी: बंदीचं वेगळं. आणि मराठीत ‘झुंज’ लिहावं, धिरयो कोंकणी.

रिकामटेकडा: आत्ता वर तूच लिहिलंस ना धिरयो?

अंत्रुजी: बोलण्याच्या ओघात. लेखात नाही लिहिणार.

काजूबी: झुंज म्हटलं तर कोंबड्यांचीही होते. धिरयो म्हणजे धिरयोच.