शटर स्पीड : वेग की वेळ?

प्रश्न : ‘शटर स्पीड वाढवा’ म्हणतात म्हणून मॅन्युअल मोडवर आकडा १२५ वरून ५०० केला, तर फोटो काळपट आला. वाढवल्यावर उजेड कमी कसा होतो? आणि याला मराठी शब्द कोणता?

उत्तर : तो आकडा छेदातला आहे. १२५ म्हणजे सेकंदाचा १/१२५ भाग, ५०० म्हणजे १/५००. सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, उजेड पडायला पूर्वीच्या चौथाई वेळ मिळाला, म्हणून फोटो काळवंडला. त्याची भरपाई अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र) दोन स्टॉप उघडून (एका स्टॉपला उजेड दुप्पट) किंवा आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील, तो आकडा) चौपट करून होते. थोडक्यात, नाव वेगाचं असलं तरी मोजतो आपण वेळच.

प्रतिप्रश्न : पण ५०० ला शटर जास्त जोरात पळत असेल ना? मग ‘वेग’ म्हणायला काय हरकत?

उत्तर : इथेच खरी गंमत आहे. बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांमध्ये सेन्सरपुढे दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडा करतो, दुसरा मागून येऊन झाकतो. १/६० असो वा १/४०००, पडद्यांची चाल तीच राहते. बदलतं ते दोघांमधलं अंतर. साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे तर पहिला पडदा पार पोचायच्या आतच दुसरा निघतो आणि सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते. त्या वेळी साधा फ्लॅश मारला, तर तो क्षणभरच चमकतो आणि फटीपुरताच भाग उजळतो. फोटोत काळा पट्टा दिसतो तो यामुळे.

म्हणून ‘शटरगती’ हा प्रतिशब्द मला अजिबात पटत नाही. तो मूळ घोटाळा जसाच्या तसा मराठीत आणतो. ‘उद्भासनकाल’ (उजेड पडू देण्याचा काळ) अर्थाने बिनचूक आहे, पण बोलताना कोण वापरणार? लेखात ‘शटरवेळ’ लिहावं, बोलताना ‘फास्ट शटर’, ‘स्लो शटर’ चालू द्यावं; त्यात कुणाची गफलत होत नाही. टाळायचं ते ‘वाढवा’ आणि ‘कमी करा’. पळणारा माणूस पुसट येत असेल तर सरळ ‘५०० वर ने’ म्हणावं.

पुरवणी : पुष्कळ कॅमेऱ्यांवर नुसता ४ म्हणजे १/४ सेकंद, आणि ४ पुढे अवतरणचिन्हासारखी दुहेरी खूण (″) असेल तर पूर्ण ४ सेकंद. सोळा पटींचा फरक आहे, आणि ४ सेकंदांना ट्रायपॉड हवाच.