क्रूझर मोटारसायकलसाठी विंडशील्ड: उंच घ्यावी की मध्यम? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० आहे, फायरबॉल प्रकारातली, म्हणजे विंडशील्ड नसलेली. पुण्याहून सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी मी आणि पत्नी शक्यतो मोटारसायकलनेच जातो. सातारा, कराड, कोल्हापूर, संकेश्वर, आजरा आणि मग आंबोली घाट उतरून खाली, असा साधारण साडेतीनशे किलोमीटरचा नेहमीचा मार्ग आहे. ताशी ६०-६५ पर्यंत काहीच त्रास होत नाही. महामार्गावर वेग ८० च्या पुढे गेला की मात्र वारा छातीवर असा आदळतो की हँडल धरून स्वतःला पुढे ओढत राहावे लागते, आणि कोल्हापूर येईपर्यंत मान व खांदे आखडून जातात. स्पोर्ट्स मोटारसायकलवर माणूस थोडा पुढे झुकून वाऱ्यावर रेलू तरी शकतो. क्रूझरवर पाय पुढे, पाठ ताठ आणि छाती उघडी, त्यामुळे सगळा भार दंडांवर आणि कमरेवर येतो. मोटारसायकल बदलायची नाही, ती मनापासून आवडते. म्हणून विंडशील्ड बसवून घ्यायचे ठरवले आहे.

बाजारात चौकशी केली तेव्हा तीन प्रकार पाहायला मिळाले. एक हेडलाइटच्या वर जेमतेम वीतभर येणारी छोटी काच, दुसरी साधारण हनुवटीपर्यंत पोहोचणारी, आणि तिसरी डोळ्यांच्याही वर जाणारी रुंद, उंच काच. दुकानदारांचा आग्रह तिसरीचा आहे. ‘जेवढी उंच, तेवढा वारा कमी’ हे त्यांचे म्हणणे ऐकायला पटते, पण माझ्या काही शंका आहेत.

पहिली शंका आंबोलीच्या पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुके आणि पाऊस एकाच वेळी असतात, आणि मोटारसायकलच्या काचेला वायपर नसतो. काच डोळ्यांच्या वर गेली तर ओल्या काचेतूनच वळण शोधावे लागेल, आणि समोरून एखादी एसटी प्रखर दिवे लावून आली तर काय दिसणार? दुसरी शंका आडव्या वाऱ्याची. साताऱ्याच्या पुढे मोकळ्या पट्ट्यात एखादा मोठा कंटेनर ओलांडून पुढे येताच जो झोत लागतो तो आताच जाणवतो. हँडलला एवढे मोठे शीड बांधल्यावर तो किती जाणवेल? तिसरी शंका इंजिनाची. ताकद सुमारे २० अश्वशक्ती, मागे पत्नी, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि त्यात ही काच. चढावर गाडी दमणार नाही ना?

शिवाय काच कशाची घ्यावी हेही कळत नाही. दुकानात सगळ्यालाच ‘फायबर’ म्हणतात. काही ठिकाणी ॲक्रिलिक, काही ठिकाणी पॉलिकार्बोनेट असल्याचे सांगितले, पण हातात घेऊन फरक ओळखता आला नाही. माझी उंची ५ फूट १० इंच आहे आणि मी पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट वापरतो. ज्यांनी क्रूझरवर विंडशील्ड लावून लांबचे प्रवास केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

तुमची पहिली शंका अगदी रास्त आहे आणि निवडीची सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी. नियम एकच लक्षात ठेवा: काचेतून पाहायचे नसते, काचेवरून पाहायचे असते. वाऱ्याचा झोत काचेच्या वरच्या कडेशी संपत नाही, तो कडेवरून आणखी वर उसळून जातो. त्यामुळे काच डोळ्यांच्या खाली असली तरी झोत हेल्मेटच्या वरच्या भागावरून किंवा त्याच्याही वरून जाऊ शकतो. वरची कड किंचित पुढे वळवलेली असेल तर तो आणखी वर फेकला जातो आणि आखूड काचही उंच काचेचे काम करते.

आता उंची किती, याचा हिशेब मांडू. मीटिअरच्या आसनाची उंची ७६५ मिलिमीटर आहे. तुमच्या उंचीचा माणूस तिच्यावर बसला की डोळे जमिनीपासून साधारण १५५ सेंटिमीटरवर येतात, आणि काच डोळ्यांपासून अंदाजे ६५ सेंटिमीटर पुढे असते. समोर २० मीटरवरचा रस्ता काचेच्या वरून दिसायला हवा असेल तर कड डोळ्यांच्या रेषेपेक्षा किमान ५ सेंटिमीटर खाली हवी, म्हणजे जवळपास नाकाच्या शेंड्याशी. १२ मीटरवरचा रस्ता दिसायला हवा असेल तर ती ८ ते ९ सेंटिमीटर खाली, म्हणजे ओठांपाशी यायला हवी. ‘काच नाकापर्यंत असावी’ हा जो सल्ला सगळीकडे दिला जातो तो गुळगुळीत रस्त्यांसाठी ठीक आहे. ताशी ६० च्या वेगाने २० मीटर अंतर सव्वा सेकंदात संपते, पण घाटात वेग निम्म्यावर येतो आणि खड्डा चाकाच्या अगदी पुढ्यात शोधावा लागतो. आजरा-आंबोलीसारखा रस्ता नेहमीचा असलेल्या माणसाने ओठांची पातळी धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वारा थोडा जास्त लागला तरी चालेल, रस्ता दिसला पाहिजे.

दुकानात जाण्यापूर्वी घरीच मोजून घ्या. मोटारसायकल सपाट जागी उभी करून कुणाला तरी सरळ धरायला सांगा, साइड स्टँडवर तिरकी ठेवून मोजू नका. नेहमीचे बूट आणि हेल्मेट घालून बसा, मागे पत्नीला बसवा आणि बॅगाही लावा, कारण भार पडला की मागचे शॉक ॲब्सॉर्बर दबतात, पुढचा भाग किंचित वर उचलला जातो आणि सगळी रेषा बदलते. मग जाड पुठ्ठा काचेच्या आकाराचा कापून चिकटपट्टीने हेडलाइटपाशी उभा करा आणि समोरचा रस्ता कुठपासून दिसतो ते पाहा. पुठ्ठा कापून कमी करता येतो, विकत घेतलेली काच तितक्या सहज कापता येत नाही. हेडलाइटच्या माथ्यापासून पुठ्ठ्याच्या कडेपर्यंतचे माप लिहून घ्या आणि दुकानात तेच माप मागा.

आडव्या वाऱ्याबाबतही तुम्ही योग्य तेच विचारले आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ला प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३० किलोंचा आणि १०० ला सुमारे ४७ किलोंचा भार येतो. ४५ सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच काच धरली तर ८० ला जवळपास ७ किलो आणि १०० ला १० किलोंहून जास्त जोर ती पेलत असते. पूर्वी हा जोर तुमच्या छातीवर होता. आता तो क्लॅम्पमधून (काच हँडलला धरून ठेवणाऱ्या पकडीतून) हँडलवर आणि फोर्कवर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांवर, जातो. मोठ्या टूरिंग गाड्यांपैकी काहींची काच सांगाड्याला पक्की बसवलेली असते, तिथे आडवा झोत थेट हँडल फिरवत नाही. आपल्या क्रूझरवर काच हँडलबरोबर वळते, म्हणून झोत आला की हँडलला हिसका जाणवतो. रुंदी जितकी जास्त तितका हा त्रास जास्त. तेव्हा फार रुंद काच टाळावी. इंजिनाची काळजी मात्र फार करू नका. आटोपशीर काचेने ८०-९० च्या वेगात फारसा फरक पडत नाही. तो पडतो तो डोक्याच्या वर जाणाऱ्या रुंद काचेने, आणि तोही वेग वाढेल तसा.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी फक्त साहित्य आणि बसवण्याबद्दल लिहितो, कारण काच खराब होते ती बहुधा तिथेच.

ॲक्रिलिक अतिशय पारदर्शक असते आणि त्याच्यावर सहसा लवकर ओरखडे पडत नाहीत, पण दगड जोरात लागला तर ते तडकते आणि तुकडे धारदार निघतात. पॉलिकार्बोनेट आघात फार चांगला सोसते, पण वर कठीण लेप दिलेला नसेल तर साध्या फडक्यानेही ओरखडते आणि उन्हात पिवळट पडत जाते. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकातून खडी उडते, म्हणून माझी पसंती लेप दिलेल्या पॉलिकार्बोनेटला आहे. दुकानदाराला ‘फायबर चांगले आहे का’ असे न विचारता ‘वर स्क्रॅच कोटिंग आणि यूव्ही कोटिंग आहे का’ असे विचारा आणि उत्तर खोक्यावर छापलेले पाहा. काळपट छटेची काच दिसायला छान दिसते, पण रात्रीच्या प्रवासाला ती घेऊ नये.

बसवताना आधी हँडलच्या नळीचा व्यास मोजा, कारण क्लॅम्प साधारणपणे २२ मिलिमीटरचे किंवा एक इंचाचे येतात आणि सैल क्लॅम्पमध्ये रबर कोंबून केलेली बसवणी महामार्गावर सरकते. काच बसल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा: क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, आरसे, टाकी यांपैकी कशालाही ती लागता कामा नये, आणि ब्रेकचा पाइप किंवा वायरिंग ताणले किंवा चेमटले जाऊ नये. छिद्रांमध्ये रबराचे बुश आणि दोन्ही बाजूंना रुंद वायसर हवेतच. बोल्ट कचकचून आवळू नयेत; छिद्रापाशी काच ताणली गेली की पहिली भेग तिथूनच निघते.

आणखी एक गोष्ट मेकॅनिकला समोर उभे राहून सांगा. बोल्ट सुटू नयेत म्हणून आट्यांना जे द्रव लावतात, ज्याला सरसकट लॉकटाइट म्हटले जाते, ते पॉलिकार्बोनेटच्या जवळ येऊ देऊ नका. ते काचेला लागले तर काही काळाने छिद्राभोवती बारीक बारीक भेगांचे जाळे तयार होते. त्याऐवजी आत नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा. पेट्रोल आणि अमोनिया असलेले काच पुसण्याचे फवारेही तितकेच वाईट. टाकीवर सांडलेले पेट्रोल पुसलेले फडके चुकूनही काचेवर फिरवू नका.

संध्याकाळी उसाच्या पट्ट्यातून गेलात की काचेवर किडे चिकटून वाळतात. ते खरवडून काढू नयेत. ओले मऊ कापड काचेवर थोडा वेळ पसरून ठेवले की ते मऊ होतात, मग सौम्य साबणाच्या पाण्याने हातानेच धुवावेत आणि मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावे. कोरडी धूळ कधीही पुसू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पुठ्ठ्याचा प्रयोग आज सकाळी सोसायटीच्या आवारात केला. मी एकटा बसलो असताना आणि पत्नी व बॅगा यांच्यासह बसलो असताना दिसणाऱ्या रस्त्यात खरोखरच फरक पडतो, हे पाहून आश्चर्य वाटले. ओठांच्या पातळीचे माप मधल्या प्रकारच्या काचेशी जुळते आहे, त्यामुळे उंच काचेचा विचार सोडून दिला आहे.

एक प्रश्न उरतो. एका मित्राच्या क्रूझरवर मध्यम उंचीचीच काच आहे. मी ती चालवून पाहिली, तेव्हा छातीवरचा वारा गेला, पण हेल्मेट सतत थरथरत होते आणि कानाशी ढोलासारखा आवाज येत होता. मित्र माझ्यापेक्षा बुटका आहे, त्याला हा त्रास होत नाही. माझ्या गाडीवरही असेच झाले तर काय करावे? आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीला या काचेचा उपयोग होतो का?

प्रतिसाद १ चे लेखक

कडेवरून निसटलेली हवा सरळ जात नाही, तिचे भोवरे होतात. तो भोवऱ्यांचा पट्टा मित्राच्या डोक्यावरून जातो आणि तुमच्या हेल्मेटवर आदळतो. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीवरचा अनुभव तुमच्या निवडीला पूर्णपणे लागू होत नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही.

तुमच्या गाडीवर असे झाले तर मोकळ्या, सरळ, रहदारी नसलेल्या रस्त्यावर एकटे असताना एक साधी तपासणी करा. स्थिर वेगात पाठ किंचित वाकवून डोके चार बोटे खाली आणा. आवाज शांत झाला तर काच तुमच्यासाठी थोडी आखूड आहे. उलट फूटपेगवर (पाय ठेवायच्या खुंटीवर) भार देऊन जरासे वर उठल्यावर शांत झाले, तर डोके स्वच्छ वाऱ्यात गेले, म्हणजे काच कमी केलेली चालेल. पूर्ण चेहऱ्याच्या हेल्मेटमध्ये भोवऱ्यांच्या थरथरीपेक्षा हा स्वच्छ, सरळ वारा कितीतरी सुसह्य असतो.

नवी काच घेण्याआधी तिचा कल बदलून पाहा. एकदम फार नाही, एका वेळी थोडा. काच मागे झुकवली की भोवरे बहुतेक वेळा सौम्य होतात, पण प्रत्यक्ष उंचीही घटते, म्हणून दर वेळी पुठ्ठ्याच्या मापाशी ताडून घ्या. यासाठी कल बदलता येणारे ब्रॅकेट असलेलीच काच घ्यावी. दोन पैसे जास्त गेले तरी हरकत नाही. दुसरे कारण खालून येणारी हवा. काचेच्या मागे दाब कमी होतो आणि हेडलाइट व काच यांमधल्या फटीतून वारा वर खेचला जाऊन हनुवटीखाली आदळतो. फोमची पट्टी तात्पुरती चिकटवून ती फट बंद करून पाहा. काही गाड्यांवर याच्या उलट करावे लागते, म्हणजे खालून थोडी हवा आत येऊ देऊन दाब भरून काढावा लागतो. झडप असलेल्या काचा त्यासाठीच असतात. पट्टी लावल्यावर आवाज वाढला तर ती लगेच काढून टाका.

मागच्या व्यक्तीबद्दल फार आशा ठेवू नये, असेच मी सांगेन. तुमच्या पत्नी तुमच्यापेक्षा थोड्या उंचावर आणि मागे बसतात, त्यामुळे नेमका तो भोवऱ्यांचा पट्टा त्यांच्या हेल्मेटवर येऊ शकतो. काच बसवल्यावर पहिली फेरी त्यांना घेऊन साताऱ्यापर्यंतच करा, आणि कल ठरवताना त्यांना काय जाणवते ते तुमच्या सोयीइतकेच महत्त्वाचे माना. त्यांच्यासाठीही पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट घ्या.

फेरीहून परतल्यावर सगळे बोल्ट हाताने तपासा, रबर बसले की ते किंचित सैल होतात. पहिल्या काही दिवसांत कंटेनर ओलांडताना नेहमीपेक्षा जास्त आडवे अंतर ठेवा आणि हँडल घट्ट आवळून धरू नका. हात सैल असले की हिसका आपोआप जिरतो. आणि पावसाळ्यात आंबोलीला निघाल्यावर धुक्यात हेल्मेटची काच व विंडशील्ड दोन्ही ओली झाली, तर मान वर करून कडेवरूनच पाहा. ते जमत नसेल इतके धुके दाटले असेल तर घाटाच्या माथ्यावर, आंबोली गावातच थांबावे.