मुंबईसाठी आदर्श रेडिओ केंद्रे: वाटप तुमच्या हाती दिले तर काय कराल?

निषाद

मुंबईत रेडिओचे प्रसारण सुरू होऊन शंभर वर्षे उलटली. १९२३ मध्ये रेडिओ क्लबने हौसेने केलेले प्रयोग, २३ जुलै १९२७ रोजी उद्घाटन झालेले इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र, १९५७ ची विविध भारती आणि २००२ मध्ये आलेली खासगी एफएम केंद्रे, एवढा वारसा असलेल्या शहरात ऐकण्यासारखे वैविध्य असायला हवे, अशी माझी साधी अपेक्षा आहे. परवा सकाळी दादरहून ठाण्याला जाताना मी ९१ पासून १०७ पर्यंत एकेका केंद्रावर थांबत गेलो. बहुतेक ठिकाणी नवे हिंदी चित्रपटगीत, जाहिराती किंवा दोन गाण्यांमधल्या गप्पा सुरू होत्या. वाईट काहीच नव्हते, पण सगळे एकाच घरातले वाटत होते.

म्हणून ही चर्चा सुरू करतो आहे. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे आणि आपल्याकडे एका शहरातील दोन केंद्रांमध्ये ८०० किलोहर्ट्झ अंतर राखण्याची पद्धत आहे. म्हणजे कितीही ताणले तरी साधारण पंचवीस जागा. जमिनीसारखीच ही मर्यादित संपत्ती आहे आणि ती जनतेची आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. त्या खंडपीठात आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता आपली असेल, तर तिचे वाटप कसे व्हावे हे विचारण्याचा हक्कही आपला आहे.

माझ्या यादीत पहिली जागा शहरवाहिनीची. चोवीस तास मराठी, संपूर्ण शहरासाठी आणि मुख्यतः बोलणारी. लोकल किती उशिरा धावत आहेत, रविवारचा मेगाब्लॉक कुठे आहे, कोणत्या भागात पाणीकपात आहे, भरती किती वाजता आणि किती मीटरची आहे, महापालिकेच्या सभेत काय ठरले, हे सगळे तिथे कळावे. मुंबईची सकाळ या माहितीवर चालते, आणि आज ती शोधण्यासाठी फोनवर चार ठिकाणी भटकावे लागते.

दुसरी जागा शास्त्रीय संगीताची. बंगळूरला आकाशवाणीची अमृतवर्षिणी एफएमवर आहे आणि ती शास्त्रीय संगीतालाच वाहिलेली आहे. ज्या शहरातील एका वस्तीच्या नावाने भेंडीबाजार घराणे ओळखले जाते, त्या मुंबईत तसे केंद्र नाही. २०१६ मध्ये सुरू झालेली आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी उपग्रहावर आणि इंटरनेटवर मिळते, पण स्वयंपाकघरातल्या छोट्या संचावर ती लागत नाही. तिसरी जागा भावगीत, नाट्यगीत, लोकगीत आणि आजचे मराठी गायक यांची. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी हे काम मध्यमलहरीवर (मीडियम वेव्ह) ५५८ किलोहर्ट्झवरून करत आली, पण काँक्रीटच्या इमारतीत, एलईडी दिव्यांच्या आणि चार्जरच्या खरखरीत मध्यमलहरी ऐकणे म्हणजे तपश्चर्याच असते. तोच आवाज एफएमवर यावा.

त्यानंतर जुन्या हिंदी गाण्यांचे एक, नव्यांची दोन, पाश्चात्य संगीताचे एक, गुजराती, उर्दू, कोकणी आणि दाक्षिणात्य भाषांनी वेळ वाटून घेतलेले एक, आणि मुले व विद्यार्थी यांच्यासाठी एक केंद्र असावे. उरलेल्या जागा वस्त्यांच्या लहान केंद्रांसाठी राखाव्यात. ही यादी कुठे चुकते आहे ते सांगावे.

पूर्वरंग

यादी सुंदर आहे, पण ती खर्च कोण करणार हा प्रश्न बाजूला ठेवून तयार झाली आहे. मी काही वर्षे रेडिओवरील जाहिरातीचा वेळ विकण्याचे काम केले आहे, त्यामुळे सगळी केंद्रे सारखी का वाटतात याचे उत्तर मला माहीत आहे. ते अभिरुचीत नसून हिशेबात आहे. समजा, शंभर श्रोत्यांपैकी साठ जणांना नवी हिंदी गाणी हवी आहेत आणि आठ जणांना नाट्यसंगीत. साठ जणांमध्ये पाच केंद्रे भांडली तरी प्रत्येकाच्या वाट्याला बारा येतात. मग आठ जणांसाठी सहावे केंद्र कोण काढील? शिवाय कंप्रता (फ्रिक्वेन्सी) लिलावात विकत घ्यायची, परवाना पंधरा वर्षांचा, दरवर्षी सरकारला किमान उत्पन्नाच्या चार टक्के शुल्क आणि गाण्यांचे स्वामित्वधन वेगळे. इतके देऊन बसलेला माणूस धोका पत्करत नाही.

तुम्ही ‘एका मालकाला एकच केंद्र’ असे कुठे लिहिलेले नाही, हे मात्र बरे झाले. उलट एकाच मालकाकडे चार केंद्रे असतील, तर तो स्वतःशीच स्पर्धा करणार नाही. पहिल्यावर नवी गाणी लावली की दुसऱ्यावर जुनी लावेल आणि तिसऱ्यावर कदाचित मराठीही लावेल. २०११ च्या धोरणाने शहरातील ४० टक्क्यांपर्यंत केंद्रे एका कंपनीला घेऊ दिली, किमान तीन वेगळे मालक असावेत एवढ्या अटीवर, ते याच विचाराने योग्य आहे. वैविध्य हवे असेल तर मालकी थोडी एकवटू द्यावी. हे ऐकायला उलटे वाटते, पण गणित तसेच आहे.

निषाद

आपले गणित मला मान्य आहे आणि त्याने माझ्या मनातील एक गोंधळ दूर झाला. पण ते पुरते सुटलेले नाही. दुसरे केंद्र हाती आल्यावर कंपन्या जुन्या हिंदी गाण्यांकडे किंवा प्रेमगीतांकडे वळतात, म्हणजे वैविध्य येते तेही हिंदी चित्रपटगीतांच्या अंगणातच. आठ जणांचा वाटा तिथेही शेवटी राहतो, कारण त्याआधी वीस जणांचे आणि बारा जणांचे वाटे उरलेले असतात. म्हणूनच काही जागा लिलावाबाहेर ठेवून आकाशवाणीला किंवा स्वतंत्र सार्वजनिक संस्थेला द्याव्यात, असे मी म्हणतो. रस्त्याकडेची जागा दुकानांना भाड्याने देणारी महापालिका उद्यानाची जागा लिलावात काढत नाही, तसे हे आहे.

अबोली

मूळ लेखातील मराठीच्या मांडणीला माझा विरोध आहे, आणि तो मराठीविषयीच्या आस्थेतूनच आहे. मराठीसाठी एक बोलणारे आणि एक गाणारे केंद्र राखून ठेवले की बाकीच्या सगळ्या केंद्रांना मोकळीक मिळते. मराठी ऐकायची आहे ना, मग त्या कंप्रतेवर जा, असे सांगता येते. एखाद्या घरात आजीसाठी कोपऱ्यातील खोली ठेवावी आणि दिवाणखान्यात तिने येऊ नये, तसा हा प्रकार होईल. मला प्रत्येक केंद्रावर, गर्दीच्या वेळी, सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी सहा ते नऊ, ठरावीक प्रमाणात मराठी गाणी आणि मराठी निवेदन हवे. विरारच्या लोकलमध्ये कानात रेडिओ लावून बसलेल्या मुलाला मराठी गाणे न शोधता ऐकू आले पाहिजे. शोधून ऐकणारे तर आजही ऐकतातच.

आणखी एक गोष्ट. निवेदक मराठी शब्द वापरतो तो बहुतेक वेळा विनोदासाठी, बाई घरकामाला आली किंवा रिक्षावाला भांडला असे सोंग काढताना. ज्या शहरातील आकाशवाणीने ‘पुन्हा प्रपंच’ या कार्यक्रमातून टेकाडे भाऊजी आणि मीनावहिनी यांच्या तोंडी घरोघरीची, पण सुसंस्कृत मराठी ठेवली, तिथे हे ऐकून मला दुःख होते.

टिटवाळा लोकल

एवढा वाद कशासाठी? गाणी, बातम्या, शास्त्रीय संगीत, सगळे फोनवर हवे तेव्हा मिळते. एफएमचा पट्टा कोणाला कसा वाटायचा याचा विचार करण्याची वेळ निघून गेली आहे. ज्यांना भेंडीबाजार घराणे ऐकायचे आहे त्यांनी ध्वनिमुद्रणे ऐकावीत. तीन मिनिटांत सापडतात.

वसईवाला

वरील मताशी मी असहमत आहे आणि त्याचे कारण २६ जुलै २००५ चा दिवस आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी कुर्ल्याला एका इमारतीच्या जिन्यात रात्र काढली. वीज गेलेली होती आणि फोन लागत नव्हते. तळमजल्यावरच्या काकांकडे दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर होता. जिन्यात आम्ही वीस-पंचवीस माणसे असू, आणि त्या छोट्या डब्यातून गाड्या बंद आहेत, कुठे पाणी वाढते आहे, घराबाहेर पडू नका, असे सांगितले जात होते. लोक दूरध्वनीवरून कोण कुठे सुखरूप आहे ते कळवत होते आणि केंद्रावरचा माणूस ते नाव वाचत होता. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना आपल्या मुलाच्या शाळेचे नाव तसेच ऐकायला मिळाले. मुले शाळेतच सुरक्षित आहेत एवढे एक वाक्य होते. त्या मटकन पायरीवर बसल्या.

हे काम ध्वनिमुद्रणे साठवणारे ॲप करू शकत नाही. एकाच वेळी सगळ्या शहराला तीच गोष्ट सांगणारे आणि मोबाइल मनोऱ्यांवर अवलंबून नसलेले साधन रेडिओच आहे. पण त्यासाठी फोनमध्ये एफएम चालू हवे. अनेक नव्या फोनमध्ये ही सोय बंद ठेवलेली असते, आणि ती चालू ठेवावी असे २०२३ मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांना सुचवले आहे. सुचवणे पुरेसे नाही, सक्ती हवी.

शहरवाहिनीचा मुद्दा म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मात्र एक अडचण मूळ लेखात आलेली नाही. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास परवानगीच नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे लावता येते, आणि त्याशिवाय वाहतूक, हवामान, पाणी-वीजपुरवठा, परीक्षा, आपत्तीचे इशारे अशी माहिती. ‘पाणी दोन दिवस येणार नाही’ हे सांगता येते, पण का येणार नाही आणि ते कोणाच्या निर्णयाने, हे विचारायला गेले की ती बातमी होते.

निषाद

वसईवाला, आपला मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये खासगी केंद्रांना दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या देऊ द्याव्यात अशी शिफारस केली आहे. ती अमलात आली तर शहरवाहिनीची कल्पना एका केंद्राऐवजी पाच केंद्रांवर विखुरलेली प्रत्यक्षात येऊ शकेल, आणि मला तेही चालेल. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाहिन्या यांना जे चालते ते रेडिओला का नाही, याचे समाधानकारक उत्तर मला मिळालेले नाही.

अबोलीताई, तुमचा आक्षेप मी दोन दिवस मनात घोळवला. दिवाणखान्याचा दाखला बरोबर आहे. तरीही प्रमाणाची सक्ती केल्यास तीच दहा-बारा मराठी चित्रपटगीते सगळीकडे वाजतील, कारण सक्ती पूर्ण करण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे. पंडितांची नाट्यपदे, शाहिरी, कोळीगीते किंवा नव्या कवींची गाणी त्यातून पुढे येणार नाहीत. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर आठवड्याला एकेक गीत देत गीतरामायण घडवले, ते एका केंद्राकडे वेळ, वादक आणि निवड करणारी माणसे होती म्हणून. निर्मितीसाठी स्वतःचे घर लागते.

अबोली

घर नको असे मी म्हटलेले नाही. घर हवेच, पण त्याच्या बदल्यात दिवाणखाना सोडू नये. दोन्ही मागूया. तीच गाणी पुन्हा पुन्हा वाजण्याची भीती खरी आहे. त्यासाठी प्रमाणातील निम्मी गाणी गेल्या पाच वर्षांतली किंवा चित्रपटाबाहेरची असावीत, अशी अट घालता येईल.

खारदांडा

वस्त्यांच्या केंद्रांबद्दल मूळ लेखात एकच वाक्य आहे आणि तिथेच माझ्या मते सगळ्यात जास्त काम आहे. अशा केंद्रांना, म्हणजे सामुदायिक रेडिओला, शंभर वॅटची मर्यादा आहे, आणि २००६ च्या नियमावलीत अँटेना जमिनीपासून तीस मीटरपेक्षा उंच नसावी असेही म्हटले आहे. माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी तेवढ्यात गावोगाव ऐकू येते, कारण मध्ये माळरान आहे. मुंबईत तीस मीटर म्हणजे दहा मजली इमारत. शेजारी चाळीस मजली मनोरा उभा राहिला की पलीकडची वस्ती सावलीत जाते. मुंबई विद्यापीठाचे १०७.८ वरील केंद्र शहरभर ऐकू येईल अशी अपेक्षा करणेच चुकीचे आहे.

माझे म्हणणे असे की मुंबईसारख्या शहरासाठी अँटेनेच्या उंचीचा नियम वेगळा असावा आणि वॅट तेवढेच राहावेत. कोळीवाड्यातील केंद्राला वाऱ्याचा आणि समुद्राचा अंदाज, मासेमारी बंदीचा काळ, बाजारातील भाव सांगता यावेत. गोवंडीतील केंद्राला लसीकरणाच्या तारखा आणि शाळाप्रवेश सांगता यावेत. शहरवाहिनी कितीही चांगली झाली तरी ती आमच्या दांड्यावरच्या होडीपर्यंत येणार नाही.

निषाद

उंचीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो यादीत घेतो. सुधारित यादी अशी: शहरवाहिनी सार्वजनिक संस्थेकडे आणि बातम्यांची मुभा सर्वांना, शास्त्रीय संगीत आणि मराठी संगीत यांच्या दोन जागा लिलावाबाहेर, गर्दीच्या वेळेतील मराठीचे प्रमाण अबोलीताईंच्या अटीसह, वस्त्यांच्या केंद्रांना उंचीची सवलत. मालकी एकवटण्याबाबत पूर्वरंग यांच्याशी माझा मतभेद कायम आहे. ४० टक्के मला जास्त वाटतात. बातम्यांची मुभा मिळाल्यावर तर ते अधिकच धोक्याचे ठरेल, कारण शहराबद्दल कोण काय सांगतो याला मालकीचा स्पर्श होणारच.

पूर्वरंग

बातम्यांची मुभा दिल्यावर टक्केवारी खाली आणावी, हे मला पटते. गाण्यांसाठी ४० आणि बातम्यांसाठी त्याहून कमी, असे दोन निकष ठेवता येतील. पण शहरवाहिनीवर रात्री तीन वाजता भरतीची वेळ सांगणाऱ्या बातमीदाराचा पगार कुठून द्यायचा, हे या यादीत अजून लिहिलेले नाही. खासगी केंद्रांकडून घेतल्या जाणाऱ्या त्या चार टक्क्यांतला काही भाग शहरवाहिनीसाठी बाजूला काढावा, अशी दुरुस्ती मी सुचवतो.